मोबाईलवर क्रिप्टो मायनिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रात्री फोन चार्जिंगला लावून झोपा, सकाळी खात्यात कॉइन जमा: अशी जाहिरात तुमच्यापर्यंत कधी ना कधी पोहोचली असेल. मी स्वतः जुन्या फोनवर मायनिंग, म्हणजे गणितं सोडवून नवी क्रिप्टो नाणी मिळवण्याचं काम, करून पाहिलं आहे, आणि माझ्या जवळच्या नात्यातल्या एका माणसाचे पैसे अशाच एका ॲपमध्ये गेले आहेत. तेव्हापासून या विषयावर मला जे प्रश्न विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

मोबाईलवर खरंच मायनिंग होतं का?

होतं. फोनमध्ये प्रोसेसर आहे आणि मायनिंगचं गणित कुठलाही प्रोसेसर करू शकतो. पण लोकांना या प्रश्नातून खरं तर दुसरंच विचारायचं असतं: त्यातून पैसे मिळतात का? त्याचं उत्तर नाही असं आहे. ते का, हे आकडे मांडूनच सांगावं लागेल. नुसतं "नाही" म्हटलं तर कुणाला पटत नाही, आणि पटूही नये.

मायनिंग करताना फोन नेमकं काय करतो?

बिटकॉइनचं उदाहरण घेऊ. जगभरातले नवे व्यवहार एका गठ्ठ्यात बांधले जातात. या गठ्ठ्याला ब्लॉक म्हणतात. ब्लॉकच्या मथळ्यावर एसएचए-२५६ हे सूत्र दोनदा चालवलं की एक लांबलचक संख्या मिळते, तो हॅश. हा हॅश नेटवर्कने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा लहान आला, तरच ब्लॉक मान्य होतो. तो लहान यावा म्हणून मथळ्यातला एक आकडा बदलत राहायचं आणि पुन्हा पुन्हा हॅश काढायचा. यात कुठलीही हुशारी चालत नाही. कोट्यवधी वेळा फासे टाकण्यासारखं हे काम आहे, आणि ज्याचे फासे जास्त वेगाने पडतात त्याला दान पडण्याची शक्यता जास्त.

ज्याला दान पडतं त्याला नवी नाणी मिळतात. ३ जानेवारी २००९ ला पहिला ब्लॉक निघाला तेव्हा बक्षीस ५० बिटकॉइन होतं. दर २,१०,००० ब्लॉकनंतर ते निम्मं होतं. २०१२, २०१६, २०२० आणि एप्रिल २०२४ अशा चार वेळा ते घटलं आणि आता ३.१२५ बिटकॉइनवर आलं आहे. शिवाय दर २,०१६ ब्लॉकनंतर नेटवर्क कोड्याची काठिण्यपातळी नव्याने ठरवतं. कितीही यंत्रं आली किंवा गेली, तरी सरासरी दहा मिनिटांना एकच ब्लॉक निघावा, यासाठी ही सोय आहे. म्हणजे जास्त लोक आले म्हणून नाणी वाढत नाहीत, प्रत्येकाचा वाटा तेवढा कमी होतो. फोनवर मायनिंग का जमत नाही याचं मूळ इथेच आहे.

मग फोनवर बिटकॉइन किती मिळेल?

चला, मोजू. फोन सेकंदाला २ कोटी हॅश काढतो असं धरू. २०२४ मध्येच बिटकॉइनच्या नेटवर्कने सेकंदाला ६०० एक्झाहॅशचा टप्पा ओलांडला होता, म्हणजे ६ वर २० शून्यं. तोच आकडा धरला तर तुमच्या फोनचा वाटा ३० लाख कोटींत एक.

दिवसाला सुमारे १४४ ब्लॉक निघतात, म्हणजे ४५० नवे बिटकॉइन. त्यातला तुमच्या फोनचा वाटा ०.००१५ सातोशी. सातोशी म्हणजे एका बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग, त्याहून लहान एकक बिटकॉइनमध्ये नाही. असा एक सातोशी जमायला फोन अहोरात्र चालवून जवळजवळ पावणेदोन ते दोन वर्षं लागतील. आणि एकट्याच्या बळावर अख्खा ब्लॉक शोधायचा म्हटला, तर सरासरी ५७ कोटी वर्षं.

याच कामासाठी खास बनवलेली यंत्रं असतात, त्यांना असिक म्हणतात. २०१३ पासून ती बाजारात आहेत. अँटमायनर एस२१ हे त्यातलं एक यंत्र सेकंदाला २०० टेराहॅश (एक टेराहॅश म्हणजे एक लाख कोटी हॅश) काढतं, म्हणजे आपल्या हिशेबातल्या एक कोटी फोनांइतकं काम. त्याला वीज लागते साधारण ३,५०० वॅट. एक कोटी फोन प्रत्येकी पाच वॅट खात असतील तर लागतील ५ कोटी वॅट. फोन कमकुवत आहे हा मुद्दा तर आहेच, पण तेवढ्याच कामाला तो हजारो पट वीज खातो. फोन कितीही महागडा घेतला तरी ही दरी बुजत नाही.

पूलमध्ये सामील झालो तर?

पूल म्हणजे अनेक मायनरनी ताकद एकत्र करायची आणि ज्याने जितकं काम केलं त्या प्रमाणात बक्षीस वाटून घ्यायचं. यामुळे कमाई नियमित होते, वाढत नाही. वरचा ०.००१५ सातोशी पूलमध्येही ०.००१५ सातोशीच राहतो, उलट त्यातून पूलची फी वजा होते. शिवाय ठरावीक रक्कम जमल्याशिवाय पूल पैसे पाठवत नाही.

फोनवर चालेल असं एखादं कॉइन आहे का?

आहेत, आणि प्रामाणिकपणे बोलायचं तर हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो. असिक यंत्रांचा वरचष्मा मोडावा म्हणून काही कॉइननी मुद्दाम साध्या प्रोसेसरला सोयीची सूत्रं निवडली. मोनेरोने ३० नोव्हेंबर २०१९ पासून रँडमएक्स हे सूत्र वापरायला सुरुवात केली. त्याला पूर्ण वेगाने चालायला २ जीबीहून थोडी जास्त मेमरी लागते, आणि दर वेळी वेगवेगळे छोटे प्रोग्रॅम चालवावे लागतात. असल्या कामात सर्वसाधारण प्रोसेसरच चांगला. व्हेरस हे दुसरं नाव. फोनवर मायनिंग करणाऱ्या हौशी मंडळींमध्ये ते बरंच चालतं.

मोनेरोचा हिशेब करू. दर दोन मिनिटांना एक ब्लॉक आणि प्रत्येक ब्लॉकला ०.६ मोनेरो, म्हणजे दिवसाला ४३२. नेटवर्कचा वेग सेकंदाला ४ अब्ज हॅश धरा आणि फोनचा ५००. तुमचा वाटा ८० लाखांत एक, दिवसाला ०.००००५४ मोनेरो. एक पूर्ण मोनेरो जमायला ५० वर्षं लागतील. पूल ०.००५ जमल्यावर पैसे पाठवत असेल, तर पहिल्या पेमेंटलाच तीन महिने. बिटकॉइनच्या तुलनेत हा आकडा दिसतो तरी, पण तीन महिने रात्रंदिवस तापलेल्या फोनची किंमत त्यातून निघत नाही.

आणि ५०० चा वेग टिकत नाही. मी जुन्या फोनवर चालवलं तेव्हा पहिली दहा मिनिटं सेकंदाला पाचशेच्या वर हॅश मिळत होते. अर्ध्या तासात फोन इतका तापला की वेग तीनशेच्या खाली आला. प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग आपोआप कमी करतो. फोनला पंखा नसतो, त्यामुळे दुसरा मार्गच नसतो.

इथेरियम मायनिंगचं ॲप मिळालं आहे. टाकू का?

नका टाकू. इथेरियमने १५ सप्टेंबर २०२२ ला मायनिंग कायमचं बंद केलं. आता तिथे नाणी तारण ठेवून ब्लॉक पक्के करण्याची पद्धत आहे. त्यामुळे इथेरियमचं मायनिंग करून देतो म्हणणारं ॲप खोटं बोलतंय, हे ते न उघडताच कळतं.

दिवसातून एकदा बटण दाबायचं, अशी ॲप्स असतात. तेही मायनिंगच ना?

नाव मायनिंगचं, काम वेगळं. पाय नेटवर्क हे त्यातलं सगळ्यात मोठं नाव. मार्च २०१९ मध्ये ते सुरू झालं. दर २४ तासांनी बटण दाबायचं, ओळखीच्यांना आमंत्रण पाठवायचं आणि खात्यात पाय नावाची नाणी जमा होत जातात. फोनवर कसलंही जड गणित चालत नाही, म्हणून बॅटरीही उतरत नाही. व्यवहार पक्के करण्याचं काम नोड, म्हणजे नेटवर्कला जोडलेले संगणक, करतात. थोडक्यात, इथे तुमच्या फोनच्या ताकदीऐवजी तुमच्या रोजच्या हजेरीबद्दल नाणी वाटली जातात.

याला मी सरसकट फसवणूक म्हणणार नाही. पण नेटवर्क बाहेरच्या जगासाठी खुलं झालं ते २० फेब्रुवारी २०२५ ला. म्हणजे सुरुवातीच्या लोकांनी जवळजवळ सहा वर्षं बटण दाबलं आणि तोवर ती नाणी खुल्या बाजारात विकता येत नव्हती. नाणी हलवण्यासाठी ओळखपत्र देऊन केवायसीही करावं लागतं. तुमचा वेळ, ओळखीच्यांची साखळी आणि ओळखपत्र या तीन गोष्टी देऊन काय मिळतं, हे ज्याचं त्याने ठरवावं. मात्र पायची नक्कल करणारी, कुणाचंही नावगाव नसलेली ढीगभर बटण-ॲप्स आहेत. तिथे ओळखपत्राचा फोटो देऊ नका.

क्लाउड मायनिंग ॲप म्हणजे काय? त्यात तर फोन तापतही नाही.

दावा असा असतो की खरी यंत्रं त्यांच्याकडे आहेत, तुम्ही फक्त त्यांची ताकद भाड्याने घ्यायची आणि फोनवर कमाई बघायची. सर्वाधिक माणसं फसतात ती इथेच, म्हणून यावर जरा जास्त लिहितो.

जुलै २०२१ मध्ये लुकआउट या सुरक्षा कंपनीने अशी १७० हून जास्त अँड्रॉइड ॲप्स उघडकीला आणली. त्यातली २५ गुगल प्ले स्टोअरवर होती. ९३,००० हून जास्त लोकांकडून या टोळ्यांनी किमान साडेतीन लाख डॉलर काढले होते. ॲप उघडून तपासलं तेव्हा आत मायनिंगशी संबंधित काहीच नव्हतं. स्क्रीनवर वाढत जाणारा आकडा होता, एवढंच. काही ॲप्समध्ये तर फोन बंद करून चालू केला की तो आकडा पुन्हा शून्यावर यायचा. पैसे घेतले जात ते ॲपसाठी आणि वेग वाढवणाऱ्या "अपग्रेड"साठी.

वेबसाइटवरून चालणारी मोठी कंपनी असली तरी धोका टळत नाही. एस्टोनियातल्या हॅशफ्लेअरने २०१५ ते २०१९ या काळात जगभरातल्या ग्राहकांना मायनिंगचे करार विकले. अमेरिकी आरोपपत्रानुसार विकलेल्या ताकदीच्या एक टक्काही ताकद त्यांच्याकडे नव्हती. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिच्या दोन संस्थापकांनी गुन्हा कबूल केला.

माझ्या नात्यातल्या माणसाबरोबर घडलं ते असं. ॲपमध्ये शिल्लक भराभर वाढत होती. काढायला गेल्यावर "किमान रक्कम" पूर्ण नव्हती, म्हणून वरची योजना घेतली. ती पूर्ण झाली तर "पडताळणी शुल्क" आलं. ते भरलं तर "कर" आला. तिसऱ्यांदा पैसे मागितले तेव्हा ते नातेवाईक माझ्याकडे आले. त्या माणसाला मी मूर्ख समजत नाही, कुणी समजूही नये. प्रत्येक वेळी मागितलेली रक्कम आत दिसणाऱ्या शिलकीपेक्षा खूप लहान असते, त्यामुळे भरणं शहाणपणाचं वाटतं. सापळा तसाच रचलेला असतो.

एक साधी कसोटी लक्षात ठेवा. खऱ्या मायनिंग पूलमधून पैसे काढताना फी लागली तर ती शिलकीतूनच कापली जाते. पैसे काढण्यासाठी आधी बाहेरून पैसे भरा असं जिथे सांगितलं जाईल, तिथे आत काहीच नाही असं समजा.

माझे पैसे अशा ॲपमध्ये अडकले आहेत. आता काय करू?

पुढचा एक पैसाही भरू नका, मग समोरून कितीही घाई केली तरी. ॲप लगेच काढून टाकू नका. आधी शिलकीचे, चॅटचे आणि व्यवहारांचे स्क्रीनशॉट घ्या, ज्या वॉलेटच्या (क्रिप्टो ठेवायच्या खात्याच्या) पत्त्यावर पैसे पाठवले तो पत्ता आणि व्यवहार क्रमांक लिहून ठेवा. कार्डाने किंवा बँकेतून पैसे गेले असतील तर लगेच बँकेला कळवा आणि पोलिसांच्या सायबर विभागात तक्रार करा, कारण पहिल्या काही तासांत रक्कम अडवता येण्याची शक्यता असते. क्रिप्टोने पाठवलेली रक्कम उलटवता येत नाही. त्यानंतर "तुमचे बुडालेले पैसे परत मिळवून देतो" असं म्हणणारे लोक संपर्क करतील. तेही आधी फी मागतात. बहुतेकदा फसलेल्यांच्या याद्या त्यांच्या हातात असतात, म्हणून त्यांना तुमचा पत्ता लागतो.

प्ले स्टोअरवर आहे म्हणजे ॲप सुरक्षित असणारच ना?

वरची २५ ॲप्स तिथेच होती. शिवाय २०१८ च्या जूनमध्ये ॲपलने आणि जुलैमध्ये गुगलने फोनवरच मायनिंग करणाऱ्या ॲप्सना आपापल्या स्टोअरवर बंदी घातली. दूर असलेल्या यंत्रांवर लक्ष ठेवणाऱ्या ॲप्सना तेवढी मुभा आहे. म्हणजे स्टोअरवर "फोनवर मायनिंग" म्हणवणारं ॲप दिसलं, तर ते नियम मोडतंय किंवा मायनिंग करतच नाही.

आयफोनवर?

जमेत धरू नका. नियम आड येतोच, आणि पडद्यामागे तासन्‌तास प्रोसेसर वापरायला आयफोन परवानगीही देत नाही.

मायनिंगने फोन खराब होतो का?

होतो, आणि पहिली बळी जाते ती बॅटरी. लिथियम बॅटरीला उष्णता सोसत नाही. त्यात पूर्ण चार्ज अवस्थेत गरम राहणं तर सगळ्यात वाईट, आणि चार्जरला लावून मायनिंग करताना नेमकं तेच होतं. आतलं रसायन विघटित होऊन वायू तयार होतो आणि बॅटरी फुगते. आधी मागचं झाकण किंचित उचललं जातं, मग स्क्रीनच्या कडेला फट दिसते. असं दिसलं की फोन बंद करा, चार्जर काढा, तो दाबू किंवा टोचू नका, दुरुस्तीवाल्याकडे न्या. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. म्हणूनच मायनिंग करणारा फोन उशीखाली, गादीवर किंवा बंद कपाटात ठेवून झोपणं मला भीतीदायक वाटतं.

डिसेंबर २०१७ मध्ये कॅस्परस्कीच्या तज्ज्ञांनी लोआपी नावाचा मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) एका फोनवर चालवून पाहिला. त्याच्या अनेक उद्योगांपैकी एक होता गुपचूप मोनेरो मायनिंग. दोन दिवसांत बॅटरी फुगून फोनचं झाकण वाकलं.

वीज आणि डेटा किती जातो?

डेटा फारच थोडा. वीज पाच वॅटच्या हिशेबाने महिन्याला ३.६ युनिट. रक्कम लहान आहे, पण मिळणारी त्याहूनही लहान.

माझ्या नकळत कुणी माझ्या फोनवर मायनिंग करत असेल का?

शक्य आहे. याला क्रिप्टोजॅकिंग म्हणतात. फसवणाऱ्यासाठी हा सौदा फायद्याचा आहे, कारण वीज आणि बॅटरी दुसऱ्याची. एका फोनमधून नगण्य मिळतं, हजारो फोनांमधून बरं मिळतं.

सप्टेंबर २०१७ मध्ये आलेल्या कॉइनहाइव्हमुळे हे थेट ब्राउझरमध्ये शक्य झालं. वेबसाइटमध्ये एक छोटी स्क्रिप्ट टाकली की पान उघडं असेपर्यंत वाचकाचा प्रोसेसर मोनेरो काढायचा. ८ मार्च २०१९ ला ती सेवा बंद झाली आणि ही लाट ओसरली. फेब्रुवारी २०१८ मध्ये आलेला एडीबी.मायनर हा प्रकार वेगळा होता: डेव्हलपरसाठी असलेलं डीबगिंगचं दार, म्हणजे ५५५५ क्रमांकाचं पोर्ट, उघडं राहिलेल्या अँड्रॉइड फोनांत आणि टीव्ही बॉक्समध्ये तो शिरत असे.

फोन वापरात नसताना तापतोय, बॅटरी अचानक भराभर उतरतेय, साध्या ॲपलाही अडखळतोय, अशी लक्षणं एकत्र दिसली तर सेटिंगमधल्या बॅटरीच्या यादीत कोणतं ॲप सगळ्यात वर आहे ते बघा. ओळखीचं नसेल तर काढा. काढता येत नसेल तर त्याने डिव्हाइस ॲडमिनचा किंवा ॲक्सेसिबिलिटीचा अधिकार घेतला असणार. तो आधी काढून घ्या, किंवा फोन सेफ मोडमध्ये चालू करून ॲप काढा. यूएसबी आणि वायरलेस डीबगिंग बंद आहे ना, तेही तपासा. नुसती बॅटरी जुनी झाली असली तरी यातली दोन लक्षणं दिसतात, तेव्हा लगेच घाबरून जाऊ नका.

कायद्याने चालतं का?

हे देशागणिक बदलतं. चीनने २०२१ मध्ये मायनिंगवर बंदी घातली, इतर अनेक ठिकाणी ते चालतं पण कमाईवर कर लागतो. आपल्या देशाचा नियम वाचून घ्या. दुसऱ्याच्या फोनवर किंवा ऑफिसच्या संगणकावर परवानगीशिवाय चालवू नका.

पैशासाठी नाही, शिकायचं म्हणून करायचं आहे. कसं करू?

मग जरूर करा. हॅशरेट (हॅश काढण्याचा वेग), पूल, शेअर (पूलला दाखवलेला कामाचा पुरावा), काठिण्यपातळी हे शब्द वाचून जेवढे कळत नाहीत तेवढे एका संध्याकाळी चालवून कळतात.

रोजचा फोन वापरू नका. जुना फोन फॅक्टरी रीसेट करा, त्यात बँकेचं ॲप, ईमेल किंवा मुख्य वॉलेट ठेवू नका. टर्मक्स हे टर्मिनल ॲप घेऊन त्यात एक्सएमरिग हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर चालवता येतं. ते अधिकृत ठिकाणाहूनच घ्या, कुणी व्हॉट्सॲपवर पाठवलेली एपीके (अँड्रॉइड ॲपची) फाइल कधीही नको. मायनरला फक्त वॉलेटचा पत्ता लागतो. सीड फ्रेज किंवा खासगी की (दोन्ही वॉलेटच्या गुप्त किल्ल्या) मागितली, तर तो मायनर नव्हेच. सगळे कोअर न वापरता निम्मे वापरा, फोन फरशीसारख्या थंड, कडक जागेवर ठेवा आणि तुम्ही जागे असेपर्यंतच चालवा. पूलच्या पानावर स्वतःचा पत्ता टाकून आपला हॅशरेट दिसला की एक वेगळाच आनंद होतो, तो मी अनुभवला आहे.

सीड फ्रेजचा स्क्रीनशॉट काढून ठेवला तर?

काढला असेल तर आजच नवं वॉलेट तयार करून नाणी तिकडे हलवा. सीड फ्रेज म्हणजे १२ किंवा २४ शब्दांची किल्ली, ती ज्याच्याकडे त्याची नाणी. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅस्परस्कीने स्पार्ककॅट हा मालवेअर जाहीर केला. फोटो गॅलरीतल्या चित्रांमधला मजकूर वाचून तो असे शब्द शोधत होता, आणि तो गुगलच्या व ॲपलच्या दोन्ही स्टोअरवरच्या ॲप्समध्ये सापडला. शब्द कागदावर लिहा.

जुना फोन नुसता पडून आहे. त्याचं दुसरं काही करता येईल का?

बोइंक करून बघा. २०१३ पासून ते अँड्रॉइडवर चालतं. फोनची रिकामी ताकद शास्त्रीय संशोधनाच्या गणितांसाठी देता येते. वर्ल्ड कम्युनिटी ग्रिडसारखे प्रकल्प त्यावर चालतात. फोन चार्जिंगला असेल, वायफायवर असेल आणि बॅटरीचं तापमान मर्यादेत असेल तेव्हाच काम चालावं, असं त्यात ठरवता येतं. तापमानाची मर्यादा जरा खालीच ठेवा. माझा तो जुना फोन आता यावरच चालतो, आठवड्यातून दोन संध्याकाळी, झाकण काढून ठेवलेला.